वाटीभर वरण

कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी वंदनाची तूरडाळ शिजली नव्हती. तिनं दाणा बोटांत दाबला, तर तो निसटून ओट्याखाली गेला. संग्रामपूर तालुक्याचा हा खारपाणपट्टा. इथलं बोअरचं खारं पाणी पिणाऱ्याच्या जिभेला आणि रांधणारीच्या अब्रूला सारखंच मारक. पण आज वंदनाला पाण्याचा राग आला नव्हता. तिसरीतली तिची पोरगी दप्तर भरता भरता बोलून गेली होती, "आई, शाळेतल्या वरणाचा वास लय चांगला येते व. मंजुश्रीताईचं वरण एकदम मऊ असते म्हणे."

"म्हणे कायले? तू खाल्लं का?"

"नाई. आजी देते तो डबाच खाते मी."

आजी, म्हणजे वंदनाच्या सासूबाई रुखमाबाई, तो डबा स्वतःच्या हातानं भरत. शाळेत शिजलेलं नातीच्या पोटात जाऊ नये हा त्यांचा दंडक होता, कारण शिजवणारी मंजुश्री भीमनगरातली, बौद्धांच्या घरची. गावातल्या बऱ्याच घरांतून असे डबे जात. कारण विचारलं तर जात कोणी काढत नसे. "आमच्या पोराले बाहेरचं सोसत नाई," एवढंच सांगत.

वंदनाचं दुखणं मात्र निराळं होतं. जूनमध्ये शाळेत स्वयंपाकीण नेमायची होती आणि अर्ज दोनच आले, एक तिचा आणि एक मंजुश्रीचा. मुख्याध्यापक चंद्रशेखर सरांनी दोघींना एकेक दिवस रांधायला लावलं. वंदनाच्या दिवशी पोरांनी डाळीचे दाणे वेचून ताटाच्या काठावर मांडले. मंजुश्रीच्या दिवशी पातेलं घासायची गरज उरली नाही. पोरांना मुलाहिजा ठाऊक नसतो. मंजुश्रीची नेमणूक झाली.

तेव्हापासून मंजुश्री दिसली की वंदना तोंड फिरवत असे. कानामागून आली अन् तिखट झाली, असं ती मनाशी म्हणे, जरी दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आल्या होत्या आणि दोघीही दहावी पास होत्या. मंजुश्री निळा एप्रन घालून फाटकातून आत शिरली की पोरं 'ताई, ताई' करत धावत. सरसुद्धा 'मंजुश्रीताई' म्हणत. वंदनाला गावात वंदना म्हणणारंही कोणी नव्हतं. ती गोविंदाची बायको होती, फार तर रुखमाबाईची सून. तिला ते 'ताई' हवं होतं आणि ते दुसरीच घेऊन बसली होती. बरं, ती दुसरी कोण, तर जिला रुखमाबाई ओसरीवर चढू देत नसत! हेव्याला जातीचा पाट मिळाला की तो ऐसपैस मांडी घालून बसतो. वंदनाच्या मनात तो असा चार महिने बसला होता.

खरं तर मंजुश्रीच्या वरणात गुपित काही नव्हतं. ती शाळेची डाळ आदल्या संध्याकाळी घरी नेई, फिल्टरच्या गोड्या पाण्यात भिजत घाली आणि सकाळी झाकलेल्या पातेल्यातून आणी. सरांनी तशी परवानगी दिली होती, पण तोंडी. तोंडी परवानगीची एक सोय असते, ती वेळ आली की गिळता येते.

वंदनानं एकदा ते पातेलं जाताना पाहिलं आणि नळावर चार बायांत बोलून गेली, "सरकारी डाळ रातभर तिच्या घरी राह्यते व. कोणत्या पाण्यात भिजवते, काय करते, कोणाले ठाऊक?"

एवढंच. दोन दिवसांत ते वाक्य गावभर फिरलं आणि परत आलं तेव्हा त्यात डाळचोरी होती, गढूळ पाणी होतं. वंदनाला वाईट वाटायला हवं होतं. तिला आतून बरं वाटलं.

त्या सोमवारी चव घेण्याची पाळी तिची होती. पोरांना वाढण्याआधी एका आईनं अन्न चाखावं आणि रजिस्टरात सही करावी, असा शाळेचा नियम. गावातल्या आया तो मोठ्या खुबीनं पाळत. शेडच्या दारात उभं राहायचं, पदर नाकाला लावायचा, 'चव चांगली' लिहून सही ठोकायची आणि घरचा रस्ता धरायचा. पानंच्या पानं 'चव चांगली'नं भरली होती आणि लिहिणारीच्या जिभेला शीतही लागलेलं नव्हतं. मंजुश्री रोज नेमानं वाटीत वरण काढून ठेवी आणि रोज ती भरलेली वाटी परत पातेल्यात ओती.

वंदना आली तेव्हा मंजुश्री हौदावर ताटल्या धूत होती. वाटी समोरच होती. असं काय असतं हिच्या वरणात, नावं ठेवायला तरी कळलं पाहिजे, म्हणून वंदनानं बोट बुडवून चाटलं. मग चमचा घेतला. मग दाराआड उभ्यानंच वाटी तोंडाला लावली आणि संपवली. वरण मऊ होतं, लसणाची फोडणी नेमकी बसली होती. वंदनाच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. नाव ठेवायला जागाच नव्हती.

वळून पाहते तो दारात मंजुश्री. तिनं ताटल्या खाली ठेवल्या, पळी घेतली आणि रिकाम्या वाटीत आणखी वरण वाढलं. वंदनानं तेही खाल्लं. मग रजिस्टरात 'चव चांगली' लिहिलं आणि निघाली. मंजुश्री कुत्सित हसली असती तर बरं झालं असतं, असं तिला घरापर्यंत वाटत राहिलं.

मधली सुट्टी संपली आणि वर्गात वंदनाची पोरगी भडाभडा ओकली. सरांनी तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं, आणि संध्याकाळी ती अंगणात खेळूही लागली. बाकी साठ-सत्तर पोरांना काही झालं नव्हतं. रविवारी पोरीच्या मामाकडे घरभरणी होती. तिथून आणलेली बासुंदी रुखमाबाईंनी सोमवारच्या डब्यात घातली होती. दप्तरातून डबा काढला तेव्हा वंदनाला आंबूस वास आला. रुखमाबाईंनाही आला असावा, कारण डबा त्यांनी लगोलग घासून पालथा घातला.

पण गावाला बासुंदीशी काय घेणं? दिवस मावळायच्या आत शाळा समितीचे अध्यक्ष उत्तमराव एक कागद घेऊन वंदनाच्या ओसरीवर येऊन बसले. आपल्याला न विचारता पोरांच्या ताटांवरून स्वयंपाकीण ठरावी, आणि तीही भीमनगरातली, हे त्यांना जूनपासून टोचत होतं. कागदात लिहिलं होतं की मंजुश्री सरकारी डाळ चोरून घरी नेते, तिच्या अन्नानं मुलीला विषबाधा झाली, आणि त्या दिवशी चव घेणाऱ्या आईला, म्हणजे खुद्द वंदनाला, अन्नाचा घाण वास आला होता. कागद पंचायत समितीत आणि पोलीस ठाण्यात जायचा होता. खाली फक्त वंदनाची सही राहिली होती.

"पर रजिस्टरात तं म्या चव चांगली लिहिलं," वंदना म्हणाली.

उत्तमराव हसले. "अवं, ते सारेच लिह्यतात. आपल्या बाया तठी तोंड तरी लावतात का? तू सही कर. मंजुश्री गेली की जागा तुहीच. उद्याच्या मिटिंगमध्येच ठराव घेतो. मंग तुले सारे वंदनाताई म्हणतीन."

ते शब्द वंदनाच्या नेमके वर्मी लागले. उत्तमराव राजकारण करून केस पांढरे केलेले गृहस्थ. कोणाला काय हवं आहे, ते त्यांना बरोबर वासानं कळे.

"कर ना व, काय पाहून राह्यली?" रुखमाबाई म्हणाल्या. "घरी लक्ष्मी चालून आली."

गोविंदानं मान वर न करता म्हटलं, "उत्तमभाऊ म्हंतात तं कर."

"उद्या करते," वंदना म्हणाली. "शाळेत, सगळ्यांसमोर." ती हे टाळायला म्हणाली की मिरवायला मिळावं म्हणून, हे तिलाही सांगता आलं नसतं.

मंगळवारी शाळेत पन्नासेक माणसं जमली. भीमनगरातून मंजुश्री, तिचा नवरा नागसेन आणि दोन म्हाताऱ्या आल्या होत्या. बाकीचे मजुरीला गेले होते. उत्तमरावांनी कागद वाचून दाखवला आणि पेन वंदनाच्या हातात दिलं.

"डाळ सरांले विचारून नेत होती मी," मंजुश्री म्हणाली. सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

नागसेन उठला. "रजिस्टर पाहा ना. कालची सही हाये. चव चांगली लिहून हाये."

"त्या सहीले काय अर्थ हाये बे?" उत्तमराव गरजले. "आमच्या घरची बाई तुमच्या हातचं तोंडात घालन का? सही कराची म्हणून करते. विचार साऱ्या गावाले!"

सगळे हसले. बाया पदराआड हसल्या. इतक्या महिन्यांच्या खोट्या सह्यांची अशी जाहीर कबुली झाली आणि त्याची लाज एकालाही वाटली नाही.

मंजुश्रीनं वंदनाकडे पाहिलं. या बाईनं माझ्यासमोर दोन वाट्या वरण खाल्लं, हे एक वाक्य तिला बोलता आलं असतं. ती बोलली नाही.

वंदनाला ते हसणं ऐकवेना. ती नळावर जे बोलली होती त्यातलंच हे हसणं होतं. हिचा आपल्याला हेवा वाटतो, म्हणून हिला चोर ठरवायचं? चांगलं रांधलं म्हणून? आपण काय करायला निघालो आहोत ते तिला लख्ख दिसलं आणि स्वतःचीच किळस आली. ती उठून उभी राहिली.

"म्या खाल्लं."

"काय खाल्लं?" उत्तमरावांनी विचारलं.

"वरण. मंजुश्रीच्या हातचं. वाटीभर खाल्लं, अन् तिनं वाढलं तं आणखी वाटीभर खाल्लं. घाण वास नव्हता त्याले. मले आजवर तसं वरण जमलं नाई. दोन वाट्या खाऊन तुमच्यासमोर उभी हावो ना मी? मले कुठी झाली विषबाधा?"

"वंदने, बस खाली!" मागून रुखमाबाई ओरडल्या.

"अन् माह्या पोरीनं शाळेतलं शीत खाल्लं नाई. तिचा डबा आमच्या घरून येते. त्यात नासकी बासुंदी होती." ती आता थांबत नव्हती. "डाळीची गोष्ट म्याच उठवली, नळावर. मंजुश्रीचा हेवा वाटते मले, म्हणून बोलली. आजही वाटते. तिची जागा मले पाहिजे होती, आताही पाहिजे हाये. पर अशी नाई पाहिजे."

"गोविंदा, सांभाळ तुही बायको!" उत्तमराव म्हणाले. गोविंदा जमिनीकडे पाहत बसून राहिला.

मग चंद्रशेखर सर उठले. "डाळ घरी न्यायला मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. हे म्हणायला आपण एका बाईच्या बोलण्याची वाट पाहिली, याची लाज त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती. उत्तमरावांनी बिनसहीचा कागद घडी करून खिशात घातला आणि ते तडक निघून गेले. मंजुश्रीचं काम राहिलं.

फाटकाशी दोघी समोरासमोर आल्या.

"आभार मानावे म्हणता का?" मंजुश्रीनं विचारलं.

"नाई."

"बरं झालं. तुम्ही नळावर बोलल्या नसत्या तं पन्नास माणसांत मले चोर म्हणून उभं राहा लागलं नसतं. माह्या सासऱ्यानं कालपासून घास घेतला नाई."

वंदना मग म्हणाली, "म्या खाल्लं म्हणून तू काऊन सांगितलं नाई?"

"कोणी मानलं असतं? तुम्ही नाई म्हटलं असतं, अन् मी आणखी खोटारडी झाली असती. आमचं खरं तुमच्या तोंडून निघालं तरच या गावात खरं ठरते. हेच तं दुखते, वंदनाबाई."

तेवढ्यात दोन पोरी 'ताई, ताई' करत मंजुश्रीला बिलगल्या आणि वंदनानं पुन्हा तोंड फिरवलं. एक चांगलं काम केलं की मनातला हेवा पळून जातो, असं पुराणात होत असेल. वंदनाच्या मनातला कुठेही गेला नाही. तिनं फक्त त्याचं ऐकलं नव्हतं.

घरी पायरीवर रुखमाबाई गोमूत्राचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गोविंदा ओट्यावर बसला होता. कुंपणापलीकडून शेजारच्या बाया पाहत होत्या.

"अठीच थांब," रुखमाबाई म्हणाल्या. "शिंपडते. मंग डोक्यावरून आंघोळ कर अन् उत्तमरावच्या पाया पडून ये. तवाच घरात पाय ठेव."

"घे ना शिंपडून," गोविंदा हळूच म्हणाला. "काय जाते?"

"आत्याबाई, काल दुपारी म्या वरण खाल्लं," वंदना म्हणाली. "त्याच हातानं संध्याकाळी तुमच्या देवापुढं दिवा लावला. त्याच हातानं तुमच्या भाकरी केल्या, तुम्ही दोन खाल्ल्या. तुमचे पाय चेपले. काय बाटलं तुमचं? तुम्हाले ठाऊक नव्हतं तवरिक समदं शुद्धच होतं ना?"

रुखमाबाईंनी तांब्यात बोटं बुडवली.

"वरणानं मले बाटवलं नाई. सही केली असती तं त्या सहीनं बाटवलं असतं. शिंपडाचंच असन तं उत्तमभाऊच्या खिशातल्या कागदावर जाऊन शिंपडा. माह्या अंगावर एक थेंब पडू देणार नाई."

रुखमाबाईंचा हात वर झाला होता, तो तसाच राहिला. वंदना त्यांच्या शेजारून घरात गेली.

वाचकहो, ही वंदना काही देवी नव्हे. ती हेवेखोर आहे आणि उद्याही राहील. पण तिला आपल्यातलं वाईट ओळखता आलं आणि ते चारचौघांत बोलता आलं. अशी एखादी आपल्या पायरीशी येऊन उभी राहिली, तर आपल्या घरात तो तांब्या कोणाच्या हातात असेल? आणि ओट्यावर बसून 'काय जाते?' असं हळूच म्हणणारा कोण असेल, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.