सहा चिठ्ठ्यांचा हार

"टाक माउली, फासा टाक!" महाराज गरजले.

म्हाताऱ्या लहानूनं फासा टाकला. तीन पडले. मखमलाबादचा अख्खा मंडप मान उंचावून बघू लागला. गणिताच्या महेश सरांनी कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. "देवीचा आकडा १४२८५७. गुणिले तीन... ४२८५७१!"

महाराजांनी क्षणभर डोळे मिटले, झेंडूचा गोल हार एका जागी कापला आणि सरळ धरला. फुलांत ओवलेल्या सहा चिठ्ठ्या लोकांनी मोठ्यानं वाचल्या. चार, दोन, आठ, पाच, सात, एक.

"देवी आकड्यातून बोलते! तुमचा डॉक्टर कशातून बोलतो? बिलातून!"

टाळ्या कडाडल्या. नवसाबाई हाराकडं बघत होती. झेंडू तिच्याच मळ्यातला, हार तिनंच ओवलेला. हाच चमत्कार बघून पंधरवड्यापूर्वी तिनं लेक शुभांगीच्या फिटच्या गोळ्या महाराजांच्या पायाशी टाकल्या होत्या. तेही महाराजांवर नव्हे, सरांवर विसंबून. "मी स्वतः तपासलंय, नवसाबाई," सर म्हणाले होते. चार दिवसांपूर्वी पोरीला चुलीपुढंच फिट आली. उजवा हात पोळला.

पट्टी बांधून घरी बसलेल्या शुभांगीनं आज दुपारी डाव्या हातानं तो आकडा दोनपासून सहापर्यंत गुणून पाहिला. "आई, दर वेळी तेच आकडे, त्याच क्रमानं. नुसती सुरुवात बदलते."

नवसाबाईची सुई थांबली. गोल हाराला सुरुवात असते कुठं? कुठंही कापा, फुलं त्याच रांगेत येणार. कापायची जागा महाराजच निवडत, आणि चिठ्ठ्यांचा क्रमही तेच लिहून देत!

आता मंडपात ती शुभांगीशेजारून उठली. "महाराज, सातानं गुणा."

"फाशावर सात नसतो, बाई. देवीची मर्यादा आहे."

"देवीची का फाशाची? सर, दाबा सात."

सर हलेनात. लहानूनं कॅल्क्युलेटर हिसकावला. "आरं, हे तर सगळे नऊच हायेत!"

"कापा हार. काढा नऊ."

हारात नऊ नव्हताच. महाराज पाणी मागू लागले.

शुभांगी म्हणाली, "एकाला सातानं भागत बसा. सहा पायऱ्या झाल्या की बाकी पुन्हा एक उरते, अन् तेच आकडे फिरून येतात. त्यात देवी नाय, भागाकार हाय."

नवसाबाई सरांकडं वळली. "तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"गणित खरंच होतं, नवसाबाई. मी खोटं कुठं बोललो?"

"हा बुवा परका, त्याचं काय घेऊन बसायचं? तुमच्याकडं मी पोर शिकायला धाडली, सर."

सर चपला शोधू लागले. नवसाबाईनं महाराजांच्या पायाशी पडलेल्या औषधांच्या ढिगातून गोळ्यांचं पाकीट उचललं आणि पोरीचा चांगला हात धरून थेट दवाखान्याची वाट धरली.

बाबांनो, आकडा कुणाचा भक्त नसतो. चमत्कार दिसला की आधी सातानं गुणून बघा. औषध डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि बुवावर नजर ठेवालच, पण त्याच्याशेजारी कॅल्क्युलेटर धरून उभा असतो ना, त्याच्यावर आधी ठेवा.