रेघ हलेना

नवऱ्याने बैठकीच्या मधोमध तिपाई उभी केली, तिच्या टोकावर पेन्सिलीएवढा माईक छताकडे तोंड करून बसवला आणि लॅपटॉपपुढे असा मांडी ठोकून बसला, जणू घरातलं तान्हं बाळ म्हणजे तो माईकच. नवे स्पीकर खोलीच्या मानाने लावायचे तर आधी खोली मोजावी लागते, हे त्याने बायकोला वर्गातल्या ढ मुलीला समजावतात तसं दोनदा समजावलं होतं. बायको काय बोलते याकडे कधी कान न दिलेल्या माणसाला आता खोलीचं ऐकायची हौस आली होती.

पण मोजणी काही लागेना. ‘खोलीत गोंगाट जास्त आहे,’ असं पडद्यावर पुन्हा पुन्हा येई. पंखा बंद झाला, मग फ्रिज बंद झाला. दूध नासलं तरी साहेबांना त्याचं काय!

“अगं, ठकीला आत ने. माईकला रडणं चालत नाही.”

“माईकला, की तुम्हाला?”

“माईकला. मला सवय झालीय.”

सवय म्हणे! एका रात्री उठून लेकीला मांडीवर घेतलं असेल तर शपथ. ती ठकीला घेऊन आत गेली, थोपटत थोपटत स्वतःही जरा लवंडली. डोळा लागतोय तोच पोरीने भोकाड पसरलं. दोन हाका मारूनही तो आला नाही. येईल कसला? शेवटी पोरीला खांद्यावर टाकून तीच बाहेर आली.

ठकी लालबुंद होऊन रडत होती आणि पडद्यावरची आवाजाची हिरवी रेघ सपाट पडून होती.

“एकदम एवढी शांतता कशी?” नवरा पुटपुटला.

“शांतता? कान आहेत की भोकं? अहो, बिघडलाय तुमचा माईक!”

त्याने मान वर केली नाही. कधी केली होती? त्याने वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. माईकवरचा नंबर आणि माईकसोबत आलेल्या मापाच्या फाईलवरचा नंबर ताडून पाहिला. मागचा गलका गाळून टाकायची लॅपटॉपमधली सोय चालू राहिली असेल म्हणून तीही बंद केली. दर वेळी तो चुटकी वाजवी, आणि रेघ टुणकन उडी मारी. चुटकी थांबली की पुन्हा सपाट. ठकी मात्र हातभर अंतरावर गळा फाडून रडतच होती.

एवढ्या मिजाशीने आणलेलं खेळणं, आणि मालकासारखंच बहिरं! तिने तिपाईशी वाकून, ओठ माईकला लागतील इतक्या जवळून म्हटलं, “अहो.”

रेघ हलली नाही.

“अहो!” ती ओरडली. रेघ हलली नाही, आणि तोही दचकला नाही. तिने ठकीला छातीशी घट्ट धरलं. पोरीचा हुंदका तिच्या मानेला गरम लागत होता. त्याने आत्ता आपल्यावर खेकसावं, नुसतं ‘गप्प बस’ म्हणावं, असं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

“माईक ठीक आहे,” तो स्वतःशीच समाधानाने म्हणाला. मग तिच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे बघत त्याने हाक मारली, “अगं, जमलं बरं का! ठकी झोपली असेल तर ये बाहेर.”

“आले हं,” आतून कुणीतरी हुबेहूब तिच्याच दबक्या आवाजात म्हणालं, आणि रेघ हलकेच वर उठली.