एका काट्याचं घड्याळ

चहाचा कप बशीत ठेवण्याआधी घड्याळजी हल्ली करंगळीने बशीची कड चाचपत. करंगळी टेकली की मगच कप खाली यायचा, आणि आवाज मुळीच व्हायचा नाही. त्यांची लेक पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. एकदा दिसलेल्या गोष्टीवरून ती काही ठरवत नसे. पण ही करंगळी तिला रोज दिसत होती.

घड्याळजींचा उजवा डोळा पूर्वी एका ऑपरेशनमध्ये गेला होता. आता डाव्यात मोतीबिंदू वाढत चालला होता. डॉक्टरीणबाई दर भेटीत सांगत, आता करून टाकू, फार थांबलात तर अवघड होईल. त्यांचं उत्तर ठरलेलं: अजून दिसतंय की चांगलं. एक पणाला लावून घालवला, उरलेला कशाला लावू? यावर घरात कुणी जोर करत नसे, कारण भीती खोटी नव्हती. जावई तेवढा म्हणे, दुसऱ्यांची घड्याळं चालू-बंद करून सासरेबुवांना वाटायला लागलंय, वेळ आपलं ऐकते.

रविवारी बापलेक डबी शोधायला निघत. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी डबी लपवून जागेचे आकडे इंटरनेटवर टाकतो. बाकीच्यांनी फोन घेऊन ती हुडकायची, आतल्या कागदावर सही करायची आणि होती तिथे ठेवून द्यायची. खेळात दोघांचं मिळून नाव होतं ‘लंबक’. कामाची वाटणी पहिल्यापासूनची: खुणा बाबांनी वाचायच्या, आकडे लेकीने फोनमध्ये घालायचे. वाटेत घड्याळांच्या गोष्टी चालत. फार जुन्या मनोऱ्यांवरच्या घड्याळांना एकच काटा असे, मिनिटं हवी होती कुणाला, ही गोष्ट तर तिला पाठ होती. असलं एक तरी घड्याळ बघायचंय, हे त्या गोष्टीतलं बाबांचं शेवटचं वाक्य.

या रविवारची डबी एका जुन्या कॅथलिक चर्चच्या आवारात होती. पहिले आकडे कोनशिलेवरच्या सालातून काढायचे होते. बाबांनी कोरलेल्या आकड्यांवरून सावकाश बोटं फिरवली आणि साल सांगितलं. जुन्या दगडावर बाबांचा जीव आहे, असं तिला वाटलं.

शेवटची खूण मनोऱ्यावर होती. तिने ती फोनवरून वाचून दाखवली: घड्याळाच्या तबकडीवर लागोपाठच्या दोन आकड्यांमध्ये किती घरं?

"पाच," बाबा म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "घड्याळजीला हे विचारतात होय? सुताराला विचारा, चौरंगाला पाय किती."

तिने हसत पाच घातले. फोनवरचा बाण त्यांना घेऊन गेला तो थेट चर्चमागच्या भाजीच्या वाफ्यात. तिथे एक म्हाताऱ्या सिस्टर गुडघ्यांवर बसून तण उपटत होत्या.

"डबीवाले ना?" मान वर न करताच त्यांनी विचारलं. "मनोऱ्याकडे नीट न बघणारे सगळे माझ्या कोबीत येतात. आता आलाच आहात तर ती बादली द्या इकडे."

बाबांनी बादली शोधायला हात पुढे केला, तो शेजारच्या झारीवर गेला. लेकीने बादली दिली, आणि मग आज पहिल्यांदाच मान वर केली.

तबकडी काळी होती. आकडे सोनेरी, चांगले हातभर उंचीचे. आणि काटा एकच होता. जाडजूड, टोकाला पानासारखा.

बाबा तबकडीखाली उभे राहिले होते, तोंड वर करून, आणि पाच म्हणाले होते. जन्मभर ज्याची वाट पाहिली ते डोक्यावर होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

रागवावं असं तिच्या मनात आलं, पण राग कुणावर काढायचा? रोज करंगळी बघून गप्प राहिली होती तीही.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काटा एकच आहे."

त्यांनी मान वर केली. मग त्यांचे ओठ हलले. "एकच? मग मिनिटं नाहीत. पाव-पाव तास. चार घरं असणार, चार."

चारच होती. फोनमधला आकडा बदलल्यावर डबी सापडली, मनोऱ्यापाशी दगडी बाकाच्या खालच्या खोबणीत. बाबांनीच ती चाचपून काढली. ‘लंबक’ लिहिताना अक्षरं कागदाच्या कडेवरून बाकावर उतरली. तिने पेन घेतलं नाही, पुसलंही नाही.

डबी परत ठेवून ते बाकावर बसले.

"कसा आहे गं?"

तिने सांगितलं: मागे आखूड शेपूट आहे, पान मध्ये फुगीर आहे, सोनं एका बाजूने उडालंय. ते लहान मुलासारखे ऐकत होते. ती थांबली तरी त्यांचं तोंड वरच होतं.

"माझ्या डोळ्यापुढे पांढरा धूर आहे नुसता," ते म्हणाले. "वर्ष झालं असेल. बारीक कामं मी दुकानातून परत पाठवतोय. तुम्हाला वाटतं, म्हाताऱ्याला कंटाळा आला."

तिने त्यांचा हात हातात घेतला. घाई केली नाही; या माणसाला घाई केली की तो मिटून घेतो, हे तिला ठाऊक होतं. वाफ्यातून खुरप्याचा आवाज येत होता.

"डोळा गेला तर गेला," ते शेवटी म्हणाले. "असा ठेवून तरी काय बघतोय मी? डॉक्टरीणबाईंना फोन लाव. सांग, ऑपरेशन करायचंय."