रडण्यातली ओळ

मानीबाईनं चुलीतले निखारे पत्र्याच्या तुकड्यावर ओढले, अंगणात आणून ठेवले आणि त्यांच्यावर तुपाची धार सोडली. देवाला विस्तवावर द्यायच्या भोगाचा, लापशीचा घास हातात घेतला, तेवढ्यात कुंपणाबाहेर ऑटो थांबला. घास हातातच राहिला.

ऑटोतून शीला उतरली. तिच्या मागं सहा वर्षांची राखी, आईच्या पदराआडून आजीकडं बघत. लेक बापाच्या अंगणात वर्षानं येत होती. बापाच्या, पूनमसिंगाच्या सरणालाही ती थांबली नव्हती. पोरीला घेऊन पैनगंगेपलीकडं मावशीच्या तांड्यावर गेली, ती आज वर्षाच्या भोगाला परतली.

पैनगंगेपलीकडूनच हे घर इकडं आलं होतं. बावीस वर्षांपूर्वी पूनमसिंग बायको-लेकरांना घेऊन घाटंजीकडं कापूस वेचायला आला आणि या तांड्यात राहून गेला. तांडा गोरांचाच, म्हणजे बंजाऱ्यांचाच, बोली तीच, देव तेच. तरी लोक त्यांना ‘तेलंगी’ म्हणत. पूनमसिंग हसून सोडून द्यायचा. त्याच्या पोरानं, बादलनं, मात्र तो शब्द गिळून ठेवला. मोठा झाल्यावर घाटंजीतल्या एका संघटनेच्या पोरांनी त्याला पहिल्यांदा ‘बादलभाऊ’ म्हटलं, गळ्यात गमछा घातला आणि कोणावर दात धरायचा ते शिकवलं. शीलाचं वेगळंच. नवऱ्यानं टाकलेली, त्यात पोरीला फिट यायची. जिनिंगच्या मागल्या एका घरात रविवारी तेलुगूत येशूची गाणी म्हणत, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. त्या भाषेत ती लहानपणी खेळली होती, म्हणून तिथं जाऊ लागली. तिथंही तिला शिकवलंच, की घरच्या देवाचा प्रसाद शिवशील तर पाप लागेल.

मागल्या वर्षी असाच भोग होता. शीलानं आईनं पुढं केलेली ताटली हातानं मागं सारली.

“याडी, मले नाई चालत आता.”

पहाटे अंघोळ, सेवालाल महाराजांपुढं दिवा, तोवर पाण्याचा थेंब नाही, हा मानीबाईचा लग्नापासूनचा नेम. त्या दिवशीची लापशी तिनं उपाशी पोटी रांधली होती. संध्याकाळी बादलनं विचारलं, डोळे काहून लाल झाले? तिनं सांगून टाकलं. शीला जाते ते घर सांगितलं. रविवार सांगितला. आईनं पोटच्या पोराजवळ मन मोकळं केलं, एवढंच, असं तिनं पुढं स्वतःला कितीदा समजावलं. पण वेळही सांगितली होती. वेळ कशाला सांगितली, याचं उत्तर तिला वर्षभर दिव्यापुढं बसून सापडलं नव्हतं.

पूनमसिंग त्या घरी जातो हे तिला ठाऊक नव्हतं. तो प्रार्थनेला बसत नसे. नातीच्या चपला मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसायचा. त्या रविवारी काठ्या घेऊन संघटनेची दहा-बारा पोरं आली. तो उठून आडवा आला, धक्क्यात पायरीवरून पडला आणि डोकं फरशीच्या कडेवर आपटलं. सगळ्यांत पुढं बादल होता. बापाला उचललंही त्यानंच.

आता तो यवतमाळच्या जेलात आहे. पहिल्या भेटीत जाळीपलीकडून तो एवढंच म्हणाला होता, “शीला तिथं जाते ते मलेच दिसलं होतं, असं मी पोलिसायले सांगतलं. तू कायी बोलू नको, याडी.”

ती काही बोलली नाही.

पण ते घर कोणी सांगितलं, याला तांड्याला एक नाव हवं होतं. ते नायकाच्या बायकोनं, हंसाबाईनं, काढलं: प्रभावती. तांड्याला लागून बौद्धांची चार घरं, त्यातलं एक तिचं. रविवारच्या बाजाराला शीला आणि ती एकाच ऑटोत जायच्या. शीला कुठं उतरते हे तिच्याशिवाय कोणाला माहीत? आईवर कोण संशय घेणार? तेव्हापासून कापूस वेचायच्या टोळीत प्रभावतीला कोणी बोलावलं नाही. ती दूर नेरच्या बाजूला कामाला जाऊ लागली. मानीबाई दिव्याची वात सरळ करत राहिली.

शीला अंगणात आली. बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्या सरकल्या. गोरांच्या बाया बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून चालीवर रडतात. त्या रडण्यातच सगळं सांगायचं असतं, कोण गेलं, कसं गेलं, कोणी काय केलं. एक ओळ एकीची, दुसरी दुसरीची. आणि रडण्यात खोटं बोलत नाहीत. हे कोणी कोणाला शिकवत नाही. मानीबाई आपल्या आईच्या गळ्यात पडून शिकली होती आणि शीला तिच्या.

शीलानं तिच्या मानेभोवती हात टाकले. आवाज चढला. बापाच्या हातातल्या चपला रडण्यात आल्या, पायरी आली, सरणाला न थांबलेली लेक आली. मानीबाई ओळीला ओळ देत होती. मग शीलाची चाल बदलली आणि प्रभावतीचं नाव घेऊन सांगणाऱ्या जिभेला ती शिव्याशाप देऊ लागली. बायांच्या माना कुंपणाकडं वळल्या.

कुंपणापलीकडं प्रभावती उभी होती. पूनमसिंगाला ती भाऊ म्हणायची. न बोलावता आली होती, पदराखाली झेंडूची चार फुलं घेऊन. गोरबोली तिला समजत नव्हती, पण त्या चालीत मध्येच आलेलं आपलं नाव तिला कळलं. तिनं फुलं कुंपणाच्या दगडावर ठेवली.

आता ओळ मानीबाईची होती.

बाया थांबल्या. शीलाची हनुवटी तिच्या खांद्यात रुतली होती. मानीबाईनं श्वास घेतला आणि चाल न सोडता म्हटलं, की बाई, ती जीभ या अंगणातलीच. घर मी सांगितलं, वार मी सांगितला, वेळही मीच सांगितली.

मानेभोवतीचे हात जागच्या जागी थिजले. मग एक सुटला. दुसरा तसाच राहिला, नुसता टेकलेला, वजन नसलेला. शीलाच्या ओळीची वाट पाहत बाया बसून राहिल्या. ती आली नाही.

मानीबाईला वाटलं होतं, सांगितलं की छातीवरचा दगड उतरेल. तिनं मान वर केली तर प्रभावती पाठ फिरवून चालली होती, मान खाली, आल्यासारखीच. तिला काही कळलंच नव्हतं. जे काही म्हटलं ते गोरबोलीत म्हटलं होतं, चालीवर, आपल्या माणसांत.

“प्रभे, थांब.”

प्रभावती थांबली.

चाल आता नव्हती. नुसते शब्द होते, तेही प्रभावतीच्या बोलीत.

“बादलले मी सांगतलं होतं. तू नाई. मी.”

हंसाबाईनं पदर तोंडाला लावला. प्रभावतीनं एकवार शीलाकडं पाहिलं, मग मानीबाईकडं.

“वर्ष झालं, मानीबाई,” ती म्हणाली आणि चालू लागली.

पत्र्यावरचे निखारे पांढरे पडत चालले होते. हंसाबाई हलक्या आवाजात म्हणाली, आधी भोग लाव, विस्तव विझून राह्यला. पूनमसिंग होता तोवर भोग तोच लावायचा. आता घरात तो लावणारं दुसरं कोणी नव्हतं. मानीबाईनं मुठीकडं पाहिलं. बोटांच्या फटीतून घास दबून बाहेर आला होता. तिनं तो परत पातेल्यात ठेवला, हात लुगड्याला पुसला आणि अनवाणीच कुंपणाबाहेर पडली. लग्नापासून भोग टाकून ती कधी उठली नव्हती.

प्रभावती पुढं बरीच लांब गेली होती. तिला गाठून काय बोलायचं ते मानीबाईला ठाऊक नव्हतं. मागं अंगणात कोणीतरी निखाऱ्यांवर फुंकर घातल्याचा आवाज आला. एक, मग थांबून आणखी एक. ती शीलाच असावी, असं धरून मानीबाई चालत राहिली. वळून पाहायची तिची छाती झाली नाही.