'मुकाट'चे वाचक

रसिका ठोसरने शनिवारी दुपारी 'डबा' ही गोष्ट नेटवरून उडवली, ती रविवारच्या कार्यक्रमात कुणी ती सांगू नये म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. संध्याकाळपर्यंत वाचकांत बोंबाबोंब झाली की सगळ्यांत चांगली गोष्टच गायब आहे, आणि जो तो म्हणू लागला, उद्या तीच सांगायची.

'मुकाट' ही रसिकाची चित्रमालिका. मोबाइलवर बोटाने खाली ओढत वाचायची, म्हणजे खरं तर बघायची, कारण तिच्यात शब्द एकही नव्हता. ना संवाद, ना 'धप्प', ना 'ठो'. एका गोष्टीत जिना होता, तर पायऱ्या संपेपर्यंत बोट उतरतच राहायचं. दुसरी गोष्ट फोन उलटा धरल्याशिवाय लागायचीच नाही. असले प्रयोग चालायचे. सहीच्या जागी नुसतं एक टिंब. गुडगावच्या ऑफिसात दिवसभर ॲपची बटणं रंगवणारी ही एकोणतीस वर्षांची मुलगीच ते टिंब आहे, हे ऑफिसात कुणाला ठाऊक नव्हतं आणि करोल बागेतल्या घरी तर नव्हतंच. झाकली मूठ सव्वा लाखाची. लोकांच्या टीकेला ती भीत नव्हती. 'अगं, आम्हाला नाही दाखवलंस?' ह्या घरच्या प्रश्नाला भीत होती.

आणि नेमकी हीच मालिका दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या हातात पडली. रसिकाची आई वृंदा मंडळाची कार्यवाह. दिल्लीत वाढलेली मुलं मराठी वाचताना अडखळतात, निबंधस्पर्धेला चार डोकी जमतात, ह्याचं दुःख मंडळाला दर वर्षी नव्याने होतं. ह्या वर्षी कुणीतरी सुचवलं की शब्दच नसलेलं काहीतरी घ्या, मुलं चित्रं बघतील आणि मराठीत सांगतील. झालं! पहाडगंजातल्या हॉलवर रविवारी चार वाजता 'माझी आवडती मुकाट गोष्ट'. ज्याने त्याने आपल्या आवडीची गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची, मागे भिंतीवर चित्रं दिसणार.

"तू पण ये गं," आई म्हणाली. "तुझ्या वयाचे खूप लोक येतायत गुडगावहून. आणि ह्यांना घेऊन ये, रविवारी नुसते पडून असतात."

'हे' म्हणजे इंद्रजित ठोसर, रसिकाचे बाबा. 'डबा' ही गोष्ट त्यांची होती.

बाबा चोवीस वर्षं मानेसरच्या एका कारखान्यात होते. गाड्यांचे सुटे भाग बनायचे, ते तपासून पुढे पाठवायचे. सकाळी कंपनीची बस, संध्याकाळी कंपनीची बस. संक्रांतीनंतर त्यांनी घरी सांगितलं की बस बंद झाली, आता मेट्रोने जाणार. त्यात विशेष काही नव्हतं. पण एप्रिलमध्ये एकदा भर दुपारी रसिका कामासाठी नोएडाला निघाली होती, तर मेट्रोच्या शेवटच्या कोचात बाबा बसलेले. मानेसर एका टोकाला, नोएडा दुसऱ्या, आणि दुपारचे तीन वाजलेले. बाबा गाढ झोपले होते. मान छातीवर, मांडीवर डब्याची पिशवी, आणि पिशवीचा बंद मनगटाला तीन वेढे घालून गुंडाळलेला. मागे एकदा कंपनीच्या बसमध्ये झोपेत डबा हरवला होता, तेव्हापासूनची त्यांची ही सवय. रसिका दोन स्टेशनं त्यांच्यासमोर उभी राहिली आणि तिसऱ्या स्टेशनावर उतरून गेली.

त्या संध्याकाळी बाबा घरी येऊन म्हणाले, "आज लोड फार होता." आई म्हणाली, "अच्छा, मग लवकर जेवून घ्या." रसिकाने एका मैत्रिणीच्या ओळखीतून चौकशी केली, तेव्हा कळलं की बाबांचा अख्खा विभागच जानेवारीत बंद झालाय. पगाराच्या तारखेला घरात पैसे येत होते, ते बाबा कुठून आणतात हे तिने विचारलं नाही. तिने काहीच विचारलं नाही. तिने चित्र काढलं. बापाला हाक मारायला जीभ उचलली नाही, पण हात मात्र लगेच चालला, ह्याला काय म्हणावं?

चित्रातल्या माणसाला तिने जाडजूड केलं, मिशा दिल्या, टक्कल दिलं. हा माणूस रोज सकाळी बायकोकडून डबा घेतो, गाडीत बसतो, गाडी टोकाला पोचली की पलीकडच्या फलाटावरून परत फिरतो. मेट्रोत ठरावीक वेळेपेक्षा जास्त थांबलं तर दंड बसतो, म्हणून मधूनच बाहेर पडतो आणि पुन्हा आत शिरतो. वाचणाऱ्याचं बोट सरकेल तशी खिडकीबाहेरची दिल्ली सरकते, माणूस तिथेच. बायको फक्त चार चौकटींत, कधी दारात, कधी बाल्कनीत कपडे वाळत घालताना, आणि चारही वेळा पाठमोरी. तिला ह्यातलं काही ठाऊक नाही, म्हणून पाठमोरी. सगळं बदललं, पण बंदाचे तीन वेढे रसिकाला सोडवले नाहीत. ते काढले की चित्र मरायचं. एक्केचाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. लोक लिहायचे की रडू आलं, आणि हे वाचून रसिकाला आनंद व्हायचा. पलीकडच्या खोलीत बाबा उद्याचे बूट पॉलिश करत असायचे.

रविवारी हॉल भरला. समोसे यायचे होते. रसिकाने बाबांना शेवटच्या रांगेत, दारालगत बसवलं. आई माइकपाशी, अबोली रंगाच्या साडीत, हातात नावांची यादी.

पहिली उठली ती हेमांगी, नोएडाच्या एका शाळेत शिकवणारी. तिची आवडती गोष्ट लिफ्टची, खालून वर वाचायची. बावीस मजल्यांवर एक म्हातारी दर मजल्याला लिफ्टमधून डोकावते. रसिकाने ती काढली तेव्हा म्हातारी गच्चीवर पापड बघायला निघाली होती. हेमांगीने सांगितलं की म्हातारी स्वतःचं घर कुठल्या मजल्यावर ते विसरली आहे आणि विचारायची तिला लाज वाटतेय. हॉलमधल्या दोनतीन बायकांनी डोळे पुसले. मग अवनी नावाची नऊ वर्षांची मुलगी आली. तिची गोष्ट एसीच्या डब्यावर बसणाऱ्या कबुतराची. "त्याला ना, असं वाटतं की, मतलब, एसीच त्याची मम्मी आहे. कारण ती गरम आहे आणि घुर्र करते." सगळे हसले, टाळ्या झाल्या. रसिकालाही क्षणभर फार बरं वाटलं. आपण मुकं काढलेलं लोकांच्या तोंडून असं बोलतं होताना तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग आईने नाव पुकारलं, "सिद्धांत." हा पुण्याचा, गुडगावला नोकरी करणारा, उंच आणि बोलघेवडा.

"मी 'डबा' सांगणार आहे," तो म्हणाला. "काल उडवली ती गोष्ट. पण आपण यार स्क्रीनशॉट काढून ठेवलेले, पूर्ण."

रसिका बाबांकडे वळली. "बाबा, चला ना," ती कुजबुजली. "बाहेर चहा घेऊ."

"थांब गं. समोसे येऊ देत."

भिंतीवर गाडी आली. सिद्धांतने हात नाचवत सांगायला सुरुवात केली. त्याच्या गोष्टीतला माणूस मोठा वस्ताद होता. "बघा, ह्याने अख्ख्या सिस्टीमला फसवलंय! बॉस नाही, टार्गेट नाही, दिवसभर एसीत झोपा काढतो. आणि घरी जाऊन काय म्हणत असेल? आज फार काम होतं. आणि ही बायको, हिला पत्ताच नाही. बिचारी! रोज पहाटे उठून पोळ्या लाटतेय." लोक खो खो हसले. भिंतीवर तेव्हा एकच चौकट होती, मोठी, भिंतभर. झोपलेल्या माणसाचं मनगट आणि त्यावर बंदाचे तीन वेढे.

बाबा हसत नव्हते. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट झाकून घेतलं होतं. आज रविवार, पिशवी नव्हती, बंद नव्हता, तरी झाकलं होतं.

सिद्धांत खाली उतरायला निघाला. आईने आता आभार मानून पुढचं नाव घ्यायचं. पण ती यादीकडे बघतच राहिली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "ती कपड्यांची चौकट परत लाव."

बाल्कनी आली. पाठमोरी बाई, दोरीवर शर्ट.

"ही बिचारी नाहीये," आई म्हणाली. आवाज नेहमीचाच, समित्यांच्या बैठकीतला. "बघा, ही शर्ट वाळत घालतेय. कारखान्यातल्या माणसाच्या कॉलरला तेलाचा वास असतो. कुठलाही साबण लावा, वर्षानुवर्षं जात नाही. आणि एक दिवस शर्ट धुवायला घेतला, तर वास नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. हिला कळणार नाही? हिला पहिल्याच आठवड्यात कळलंय."

समोरून अवनीने विचारलं, "मग ती बोलत का नाही, काकू?"

"त्याला वाटतं ना की आपण हिला जपतोय. म्हणून. नोकरी गेली, हे तरी राहू दे त्याच्याकडे." आई पुन्हा भिंतीकडे वळली. "रोज वाटतं, आज सांगेल. म्हणून त्याच्या आवडीची भाजी करते. तो पोटभर जेवतो आणि आज लोड फार होता म्हणतो. आठ महिने झाले."

चित्रांत महिने कुठेच नव्हते. हे हॉलमध्ये दोघांच्याच लक्षात आलं, आणि ते दोघे शेवटच्या रांगेत होते.

"आणि हे ज्याने कुणी काढलंय ना," आई म्हणाली, "त्याने माणूस बघितला. बाई बघितलीच नाही. चारदा काढली आणि चारही वेळा तिला तोंड दिलं नाही. हिला बिचारी ह्या सिद्धांतने नाही केलं, त्याने केलं."

"वा, वृंदाताई!" मंडळाचे अध्यक्ष मारुतीकाका ओरडले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. आजची सगळ्यांत उत्तम गोष्ट हीच, असं लोक एकमेकांना सांगू लागले. रसिकाला त्या टाळ्या गालावर बसल्यासारख्या वाटल्या. आईचं बरोबर होतं. आठ महिने ती रोज सकाळी आईच्या हातचा चहा प्यायली होती आणि तिच्या तोंडाकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं.

बाबा उठले आणि दारातून बाहेर गेले. आईने ते पाहिलं. तिचा हात माइकच्या दांड्यावर घट्ट झाला, पण ती जागची हलली नाही. तिने यादीतलं पुढचं नाव वाचलं.

बाबा अंगणात थंड पाण्याच्या टाकीपाशी उभे होते. पेला भरलेला होता, पण ते पीत नव्हते. पंचावन्न वर्षांचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, आणि चेहरा असा की रसिकाला जवळ जायची भीती वाटली.

"तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं," ते म्हणाले. "आणि मी मे महिन्यात, त्या उन्हात, पार्कात बसून जेवत होतो. तिला कळू नये म्हणून." मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "तुलाही ठाऊक होतं?"

"हो."

"कुणी सांगितलं? हिने?"

इथे खोटं बोलणं अगदी सोपं होतं. आईचं नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, आणि टिंब टिंबच राहिलं असतं. पण आतल्या टाळ्या अजून तिच्या कानात होत्या.

"नाही. बाबा, ते चित्र मी काढलंय. 'मुकाट' माझं आहे."

बाबांना अर्थ लागायला वेळ लागला. त्यांनी पेला टाकीवर ठेवला, पुन्हा उचलला.

"किती जणांनी बघितलं?"

"खूप." आकडा तिच्या जिभेवर होता, पण तिला तो सांगवला नाही.

"म्हणजे तू मला पाहिलंस. गाडीत."

"एप्रिलमध्ये. तुम्ही झोपला होतात."

"मग उठवलं का नाहीस?"

ह्या प्रश्नाचं उत्तर तिने स्वतःला कितीतरी वेळा दिलं होतं आणि दर वेळी ते पटलंही होतं. "तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा."

"वाटलंच असतं," बाबा म्हणाले. "पण त्या दिवशी तुझ्याबरोबर घरी आलो असतो गं."

रसिका तिथेच रडायला लागली, आणि तिच्या आठवणीत पहिल्यांदाच बाबांनी तिला उगी उगी म्हटलं नाही.