हुल्डाला वळसा

ऑरिन टटल फावडं घेऊन बायकोच्या कबरीपाशी उभा होता. अजून पहिला घाव घातला नव्हता.

हुल्डा गेली तेव्हा डकोटाच्या या माळावर गाव नव्हतं. गवताळ ढेकळं रचून बांधलेलं दोघांचं घर तेवढं होतं. दारातून दिसेल अशा जागी त्याने तिला पुरलं. आपल्या जमिनीची हद्द ओढ्यापलीकडे आहे, म्हणजे ही जागा आपलीच, अशी त्याची समजूत होती.

पुढे गाव वसलं, ऑरिन नगराध्यक्ष झाला. रस्ते मोजणीच्या रेषेवरून सरळ जातील, कुणालाही सूट नाही, हा ठराव त्यानेच आणला. जेप्था स्कॅग्ज लोहाराची भट्टी रेषेत आली, तीही त्याने हलवायला लावली. आणि या आठवड्यात मोजणीदाराने ठोकलेली खुंटी नेमकी हुल्डाच्या पायांशी आली होती; रस्ता कबरीवरूनच जाणार होता.

"काय अध्यक्षसाहेब, मुहूर्त बघताय?" मागून स्कॅग्जचा आवाज आला.

"हसून घे, जेप्था. तुझी भट्टी हलवली, आता माझं माणूस हलवतो."

"भट्टीला हाडं नव्हती रे." स्कॅग्जने त्याच्या हातातलं फावडं काढून घेतलं. "खाली बघ जरा."

गवतात गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. ओढ्यापासून सरळ येऊन कबरीजवळ वळत होत्या आणि पलीकडे पुन्हा सरळ होत होत्या.

"गाव नव्हतं तेव्हापासून सगळे हिला वळसा घालून जातात. मीसुद्धा. तुला शिव्या देत जायचो, पण वळसा घालूनच."

"ठरावाचं काय?"

"तो माझ्यावर सोड. तू सभेत फक्त तोंड बंद ठेव. जमेल का?"

दुपारी सभा भरली. आहे त्या चाकोरीवरूनच रस्ता न्यावा, असं स्कॅग्जने मांडलं. ऑरिन खाली बघत बसून राहिला. मान वर केली तेव्हा सगळ्यांचे हात वर होते.

बाहेर आल्यावर स्कॅग्ज म्हणाला, "पण पुढच्या निवडणुकीत मी तुझ्याविरुद्ध उभा राहणार आहे, हं."

"राहा की. मी मत देईन तुला."

"नको. लोकांना संशय येईल."

किती तरी दिवसांनी ऑरिन हसला. घरी जाताना तो कबरीपाशी थांबला, खुंटी उपटली आणि काखेत मारली. त्या संध्याकाळी चूल त्याच खुंटीवर पेटली, आणि तो पोटभर जेवला.