बुवांच्या शेजारची जागा

मी एक जुना पेटी-कॅमेरा आहे. अकोल्यात गोवर्धनच्या स्टुडिओत फळीवर पडून असतो. माझा खटका आता दाबला तरी हलत नाही.

मित्रांनो, एके काळी माझा मोठा बोलबाला होता. गोवर्धन माझे अर्धे भिंग काळ्या पुठ्ठ्याने झाकून खटका दाबी. मग फिल्म तशीच ठेवून दुसरे अर्धे झाकी आणि पुन्हा दाबी. एकच पैलवान स्वतःशी कुस्ती खेळताना दिसे! लोक म्हणत, "जादूच हाये बाप्पा!"

बाळापूरचे जानरावबुवा गावोगाव कीर्तनाला जात. त्यांच्या पार्बताबाई घरी. जन्म लोटला, पण जोडीचा फोटो नाही. अठ्ठावन्न साली बुवा काल्याच्या कीर्तनाला अकोल्यात आले. काय तो गळा! टाळकऱ्यांचेही डोळे भरले. कीर्तन आटोपताच गोवर्धनने त्यांना डाव्या अर्ध्यात टिपले.

"पार्बतामायले आना आता," गोवर्धन म्हणाला. "बाजूची जागा ठेवली हाये."

"दसऱ्याले आनतो," बुवा हसले. "ते म्हनते, देवासंगं फिरता, मायासंगं कधी बसान?"

भाद्रपदात बुवा देवाघरी गेले. त्यांची दुसरी छबी कुठेच नव्हती. मी त्यांना पोटात जपून होतो.

खंडेनवमीला गोवर्धनने मला पाटावर मांडले, हळदकुंकू वाहिले आणि तो झेंडू आणायला गेला. तेवढ्यात, त्याने बोलावल्याप्रमाणे, पार्बताबाई आल्या. त्यांनी मला हात जोडले.

"यायले इथं ठेवलं म्हनते. एक डाव दर्शन तं घेतो."

देव्हारा उघडावा तसे त्यांनी माझे मागचे झाकण उघडले. लख्ख ऊन आत शिरले. मला ओरडता येत नाही, मित्रांनो.

"दिसून नाई राहिले, बापू," दारात आलेल्या गोवर्धनला त्या म्हणाल्या. "झोपले असतीन."

ऊन लागलेल्या फिल्मवर काही उरत नाही, हे गोवर्धनला ठाऊक होते. त्याने झाकण लावले. बाईंना उजवीकडे बसवले.

"जरा सरका, माय. बुवा बसले हायेत."

पार्बताबाईंनी पदर सारखा केला आणि नवऱ्याला जागा करून दिली.

फिल्म धुतली, ती काळीठिक्कर निघाली.

"झाला का रे फोटो?" विचारत त्या येत राहिल्या.

"वाळून राहिला, माय."

फाल्गुनात त्याही गेल्या. गोवर्धनने तो पुठ्ठा पुन्हा हाती धरला नाही.

मित्रांनो, माझ्यात पूर्वरंग झाला, उत्तररंग राहून गेला. कुणाची ठेव जपत असाल तर ती कशी जपायची, हे घरादाराला सांगून ठेवा. गोवर्धनने त्या माउलीची वाट पाहून दोन शब्द सांगायला हवे होते. झेंडूसाठी देव थांबला असता.